परदेशात वाढलेल्या खेळाडूने कोणत्या देशाकडून खेळावे: निर्णयापूर्वीची तयारी

न्यू जर्सी, मेलबर्न किंवा लंडनजवळच्या उपनगरात वाढलेली मराठी घरातील मुलगी चौदा-पंधराव्या वर्षी वयोगटाच्या राष्ट्रीय निवड चाचणीपर्यंत पोहोचते, तेव्हा घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात: तिला कोणत्या देशाकडून खेळता येईल आणि तिला कोणत्या देशाकडून खेळायचे आहे. पहिल्याचे उत्तर नागरिकत्वाच्या कायद्यात आणि त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत असते, तर दुसऱ्याचे उत्तर केवळ त्या खेळाडूकडे असते. माझे आग्रहाचे सांगणे असे की, पहिल्या प्रश्नाचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्यावर घरात भावनेच्या भरात चर्चा करू नये. जो पर्याय मुळात खुलाच नाही, तो निवडला नाही म्हणून मुलांच्या मनात अपराधी भाव रुजवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

नागरिकत्वाची कागदपत्रे

भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. राज्यघटनेचे कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ यांनुसार, ज्याने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. परदेशातील अनेक कुटुंबांकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड) असते आणि त्यामुळे मुलाला भारताकडून खेळता येईल असा समज पसरलेला दिसतो. तो समज चुकीचा आहे. त्या कार्डामुळे भारतात आजीवन ये-जा करता येते, राहता येते आणि शिकता येते. परंतु मतदानाचा हक्क मिळत नाही आणि राष्ट्रीय संघात जागाही मिळत नाही. पूर्वी ही अट इतकी कडक नव्हती. अमेरिकेत जन्मलेले टेनिसपटू प्रकाश अमृतराज हे अमेरिकी नागरिक असूनही डेव्हिस करंडकात भारताकडून खेळले. डिसेंबर २००८ मध्ये केंद्र सरकारने भारतीय पासपोर्ट असलेल्या खेळाडूंनाच देशाचे प्रतिनिधित्व करता येईल असे धोरण ठरवले आणि पुढे दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. हे धोरण सैल करावे अशी मागणी, विशेषतः फुटबॉलच्या वर्तुळात, वरचेवर होत असते. तथापि मुलाच्या कारकिर्दीची आखणी संभाव्य बदलावर विसंबून करू नये.

यानंतर मुलाचा जन्म कोठे झाला आणि त्या वेळी आईवडिलांचे नागरिकत्व काय होते, हे पाहावे. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना आजवर जन्मानेच तेथील नागरिकत्व मिळत आले आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांनी मात्र १९८० च्या दशकातच नियम बदलले असून तेथे आई किंवा वडील नागरिक अथवा कायमस्वरूपी रहिवासी असावे लागतात. आखाती देशांत जन्मलेल्या भारतीय मुलांना तेथील नागरिकत्व सहसा मिळतच नाही. त्यांचा भारतीय पासपोर्ट कायम राहतो आणि भारताकडून खेळण्याचा त्यांचा मार्ग, भौगोलिक अंतर सोडले तर, मोकळा असतो.

३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेल्या मुलाचे वंशपरत्वे भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदणी करावी लागते आणि मुलाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही असे आईवडिलांना लेखी द्यावे लागते. वर्ष उलटून गेले असेल तर केंद्र सरकारची परवानगी लागते. अशा प्रकारे भारतीय नागरिक ठरलेले मूल जन्मस्थानामुळे दुसऱ्याही देशाचे नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याने दुसरे नागरिकत्व सोडले नाही, तर त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. अठरावा वाढदिवस आणि त्यानंतरचे सहा महिने घरच्या दिनदर्शिकेवर ठळकपणे लिहून ठेवावेत, कारण विद्यापीठ-प्रवेशाच्या धांदलीत ही मुदत निसटून जाणे सहज शक्य आहे.

परदेशी पासपोर्ट असलेल्या सज्ञान खेळाडूला भारतीय नागरिक व्हायचे असेल, तर नोंदणीचे दोन मार्ग त्याच्या उपयोगाचे ठरू शकतात. तो स्वतः किंवा त्याच्या आईवडिलांपैकी कोणी पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असतील, तर अर्जापूर्वी लागोपाठ बारा महिने भारतात वास्तव्य असावे लागते. पाच वर्षे ओसीआय कार्डधारक असलेल्यालाही बारा महिन्यांच्या वास्तव्याची हीच अट आहे. बारा महिन्यांचे वास्तव्य म्हणजे प्रशिक्षक बदलणे, क्लब बदलणे आणि कदाचित शिष्यवृत्ती गमावणे. त्यामुळे हा निर्णय खेळाच्या हंगामाशी जुळवून घ्यावा लागतो. जपानमध्ये वाढलेले, गुजराती वडिलांचे पुत्र, फुटबॉलपटू इझुमी अराता हे मुंबईच्या महिंद्रा युनायटेड आणि पुण्याच्या पुणे एफसी या क्लबांकडून खेळले, त्यांनी जपानी नागरिकत्व सोडले आणि त्यानंतरच २०१३ मध्ये ते भारताच्या जर्सीत उतरले. त्यांनी ही किंमत जाणून मोजली होती, याचा मला मनापासून आदर वाटतो.

खेळागणिक बदलणारे नियम

पासपोर्टचा प्रश्न सुटला की पात्रतेचा प्रश्न सुटला असे मानणे धोक्याचे आहे. पर्थमध्ये जन्मलेले फुटबॉलपटू रायन विल्यम्स, ज्यांच्या आईचा जन्म मुंबईतला, यांनी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट घेतला. परंतु पूर्वी ते ऑस्ट्रेलियाच्या मुख्य संघाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळलेले असल्याने, पासपोर्ट हाती असूनही जागतिक फुटबॉल महासंघ फिफाची मंजुरी येईपर्यंत त्यांना थांबावे लागले.

मराठी कुटुंबांचा सर्वाधिक गोंधळ क्रिकेटमध्ये होतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या नियमांनुसार त्या देशातील जन्म, त्या देशाचे नागरिकत्व किंवा तेथील तीन वर्षांचे वास्तव्य यांपैकी एक आधार पुरेसा असतो. त्यामुळे क्रिकेटमध्ये पासपोर्ट एका देशाचा आणि संघ दुसऱ्या देशाचा अशी स्थिती नियमाने शक्य आहे. मुंबईचे सौरभ नेत्रावळकर २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळले, मुंबईकडून रणजी सामन्यात उतरले, पुढे संगणकशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि २०२४ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकात अमेरिकेच्या संघातून त्यांनी पाकिस्तानविरुद्धचे निर्णायक सुपर ओव्हर टाकले. त्याच स्पर्धेत न्यूयॉर्कच्या सामन्यात त्यांनी रोहित शर्मा आणि विराट कोहली यांना बाद केले. वयोगटाच्या संघात एका देशाकडून खेळणे म्हणजे आयुष्यभराची बांधिलकी नव्हे, हे या उदाहरणातून दिसते. मात्र भारतीय संघाच्या बाबतीत वास्तव्याची ही सवलत उपयोगी पडत नाही. तेथे भारतीय नागरिकत्व लागतेच.

यापुढे क्रिकेटपटूंना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आहे आणि ऑलिम्पिक सनदेच्या नियम ४१ नुसार खेळाडू त्या देशाचा नागरिकच असावा लागतो. जो खेळाडू केवळ वास्तव्याच्या आधारावर एखाद्या देशाच्या विश्वचषक संघात बसतो, तोच त्या देशाच्या ऑलिम्पिक संघात नागरिकत्वाअभावी बसू शकणार नाही. याच नियमानुसार दोन देशांचे नागरिकत्व असलेल्याला त्यांपैकी एक देश निवडता येतो, आणि एकदा ऑलिम्पिक, खंडीय स्पर्धा किंवा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एका देशाचे प्रतिनिधित्व केले की दुसऱ्या देशाकडून ऑलिम्पिकमध्ये उतरण्यापूर्वी तीन वर्षे जावी लागतात. संबंधित राष्ट्रीय ऑलिम्पिक समित्या आणि महासंघ यांच्या संमतीने ही मुदत कमी होऊ शकते, परंतु जुन्या देशाच्या समितीने सही करणे हे तिच्या मर्जीवर असते.

फुटबॉलमध्ये फिफाने २०२० मध्ये नियम काहीसे सैल केले. एकवीस वर्षांचे झाल्यावर जुन्या देशाकडून अधिकृत स्पर्धेतील सामना खेळलेला नसेल, मुख्य संघाकडून एकूण तीनपेक्षा अधिक सामने खेळलेले नसतील, विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत खेळलेले नसतील आणि शेवटच्या सामन्यानंतर तीन वर्षे लोटली असतील, तर देश बदलता येतो. मात्र जुन्या देशाकडून अधिकृत स्पर्धेतील पहिला सामना खेळताना नव्या देशाचे नागरिकत्व आधीपासून असले पाहिजे. मोरोक्कन वंशाचे मुनीर एल हद्दादी यांनी २०१४ मध्ये एकोणिसाव्या वर्षी स्पेनकडून पात्रता फेरीच्या एका सामन्यात काही मिनिटे खेळ केला आणि त्या काही मिनिटांमुळे मोरोक्कोची जर्सी घालण्यासाठी त्यांना २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. अॅथलेटिक्समध्ये नियम अधिक कडक आहेत: श्रीमंत देश आफ्रिकेतील तरुण धावपटूंना आपल्याकडे ओढत असल्याच्या तक्रारींमुळे २०१७ मध्ये देशबदल पूर्ण थांबवण्यात आला, आणि २०१८ मध्ये तो पुन्हा सुरू करताना किमान वय वीस वर्षे आणि तीन वर्षांची प्रतीक्षा अशा अटी घालण्यात आल्या.

पहिली जर्सी घालण्यापूर्वी

निवडीचे पत्र येते तेव्हा आनंदाच्या भरात सही केली जाते. त्याआधी एक दिवस थांबून महासंघाला लेखी विचारावे की ही स्पर्धा पात्रतेच्या दृष्टीने अधिकृत मानली जाते का, या सहभागामुळे पुढे दुसऱ्या देशाकडून खेळण्यावर कोणते बंधन येईल आणि ते किती काळ राहील. शिबिराला जाणे, सरावसामना खेळणे आणि अधिकृत स्पर्धेत उतरणे यांचे परिणाम एकसारखे नसतात. प्रशिक्षकाचे तोंडी आश्वासन येथे पुरेसे नाही. प्रशिक्षक बहुधा सद्भावनेनेच बोलतात, पण पात्रतेचा निर्णय त्यांच्या हातात नसतो. जन्मदाखला, आईवडिलांच्या जुन्या आणि नव्या पासपोर्टच्या प्रती, भारतीय पासपोर्ट परत केल्याचे प्रमाणपत्र, शाळेचे दाखले आणि प्रत्येक स्पर्धेच्या सहभागाची नोंद एकाच ठिकाणी जपून ठेवावी, कारण वास्तव्य सिद्ध करण्याची वेळ येते तेव्हा दहा वर्षांपूर्वीचा शाळेचा दाखलाही कामी येतो.

खेळाडूचे मन

पर्याय खरोखर दोन असतील, तरच हे संभाषण करावे, आणि ते निवड चाचणीच्या आठवड्यात करू नये. पालकांनी स्वतःची इच्छा लपवू नये, परंतु ती एकदाच, स्पष्टपणे सांगावी आणि मग ऐकावे. मुलाने कोणत्या गटात सराव केला, तो कोणाबरोबर हरला आणि जिंकला, ड्रेसिंग रूममध्ये तो कोणत्या भाषेत बोलतो, या गोष्टींना आजोबांच्या गावाइतकेच वजन आहे. भारताकडून खेळण्याची ओढ खरी असेल तर ती भारतात राहून, येथील उन्हात आणि येथील मैदानांवर एक पूर्ण हंगाम खेळल्यानंतरही टिकते का, हे पाहणे योग्य ठरेल. भारताकडून संधी लवकर मिळेल एवढाच हिशोब असेल, तर तोही प्रामाणिकपणे बोलून दाखवावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही, मात्र त्याला देशप्रेमाचे नाव देऊ नये.

मित्रमंडळी आणि नातेवाईक यांच्यासाठीही एक सूचना आवश्यक वाटते. दुसऱ्या देशाकडून खेळणाऱ्या मुलाला ‘भारताविरुद्ध खेळताना काही वाटत नाही का’ असे विचारू नये. मुंबईत जन्मलेले आणि आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेलेले एजाज पटेल यांनी डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडे मैदानावर भारताचे दहाही गडी बाद केले, तेव्हा भारतीय खेळाडूंनी त्यांचे कौतुक केले आणि अश्विन यांनी सहकाऱ्यांच्या सह्या असलेली जर्सी त्यांना भेट दिली. घराघरांतही असेच वागता येते. याउलट, २०१८ मध्ये तुर्की वंशाचे फुटबॉलपटू मेसुत ओझिल यांनी वंशद्वेषाचे कारण देऊन जर्मनीचा संघ सोडला. जिंकताना आपले आणि हरताना परके ठरवले जाणे खेळाडूच्या जिव्हारी लागते, आणि परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना असे बोल दोन्ही बाजूंनी ऐकावे लागू शकतात. त्याविषयी मुलांशी आधीच मोकळेपणाने बोलावे आणि समाजमाध्यमांवरील शेरेबाजीला उत्तर देण्याचे काम संघव्यवस्थापनावर सोपवावे.

निर्णय झाल्यावर तो दोन्ही देशांच्या संघटनांना लेखी कळवावा, ना-हरकत पत्र लागणार असेल तर त्याचा अर्ज स्पर्धेच्या किमान एक वर्ष आधी करावा, आणि जुने नागरिकत्व सोडण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी नव्या देशाकडून नागरिकत्व मिळणार असल्याचा लेखी आधार हाती आहे याची खात्री नागरिकत्वविषयक वकिलाकडून करून घ्यावी.