ऑइल कूलर आणि पुढचा बंपर: ट्रॅकसाठी गाडी बांधताना या चुका टाळा

ट्रॅकसाठी गाडी बांधायची म्हटलं की आमच्या बेळगाव-निपाणीकडची पोरं बहुतेक एकाच क्रमानं जातात. आधी तगडा दिसणारा फायबरचा बंपर, आणि इंजिनाचं ऑइल तापतंय हे कळल्यावर ऑइल कूलर, म्हणजे ते ऑइल वाऱ्यानं थंड करणारा छोटा रेडिएटर. तोवर कूलरला जागाच उरलेली नसते. मग तो नंबर प्लेटच्या मागे दोन पट्ट्यांवर लटकतो, जिथं वारा पोचत नाही. माझं कळकळीचं सांगणं एवढंच की दोन्ही एकत्र ठरवा. कूलर कुठं बसणार, त्याला वारा कुठून मिळणार आणि तो बाहेर कुठून जाणार, हे आधी पुठ्ठा कापून गाडीवर लावून बघा, मग बंपरला पैसे द्या.

त्याच्याही आधी ऑइलचं तापमान मोजा. डॅशवरचा काटा पाण्याचा असतो. पाणी ९० अंशांवर शांत असताना ऑइल १४० वर गेलेलं असू शकतं. वेगळा सेन्सर लावा आणि माप ट्रॅकवरच घ्या, कोइमतूरला किंवा चेन्नईला, सलग लॅप मारून. चोर्ला घाट चढून आलेला आकडा इथं कामाचा नाही. १०० ते १२० अंशांत राहत असेल तर कूलर नकोच. सतत १३० च्या वर जात असेल तर घ्या. दीड लिटरच्या आतल्या इंजिनाला १० ते १३ ओळींचा (ऑइल वाहणाऱ्या आडव्या नळ्यांच्या ओळी) सहसा पुरतो. उगाच मोठा घेतला तर ऑइल तापायला वेळ लागतो. बेळगावची डिसेंबरातली सकाळ आठवा. ऑइल ८० च्या खालीच राहिलं तर त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. म्हणून सँडविच प्लेट, म्हणजे इंजिन आणि ऑइल फिल्टरच्या मध्ये बसून ऑइल कूलरकडे वळवणारी चकती, थर्मोस्टॅटवालीच घ्या; ऑइल तापेपर्यंत तो कूलरची वाट बंद ठेवतो. घेताना फिल्टरचे आटे तपासा. एम२० बाय १.५ आणि पाऊण इंची आटे दिसायला सारखे असतात, पण एकाचं दुसऱ्यावर बसवलं की गळती ठरलेली.

पाइपांसाठी लांब जायची गरज नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक होजचं (दाबाच्या पाइपांचं) काम रोजचं आहे. फक्त सांगताना ‘गरम इंजिन ऑइल, १५० अंश’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे तसाच रबर मिळेल. माझ्या गाडीत स्टीलच्या जाळीचा पाइप चासीच्या कडेला टेकला होता. जाळी कानशीसारखी चालते. तीन सेशननंतर कडेचा रंग गेला होता, पत्रा चकाकत होता आणि जाळीच्या दोन तारा तुटून वर आल्या होत्या. पुढच्या लॅपला ते ऑइल टायरवर आलं असतं. तेव्हापासून टेकणाऱ्या प्रत्येक जागी रबरी क्लॅम्प लावतो.

आता बंपर. तोंड मोठं म्हणजे वारा जास्त, ही सगळ्यात पसरलेली समजूत. कूलरच्या पात्यांतून जाण्यापेक्षा बाजूच्या फटीतून निसटणं वाऱ्याला सोपं, त्यामुळे तोंड कितीही मोठं असलं तरी तो कडेनं निघून जातो. बंपरच्या तोंडापासून कूलरच्या चारही कडांपर्यंत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून बोगदा करा, सांध्यांना फोम लावा. बोगदा घट्ट असेल तर तोंड कूलरच्या निम्म्या क्षेत्रफळाएवढं असलं तरी भागतं. फॉग लॅम्पच्या जागी कूलर बसवलात तर त्याच्या मागचं चाकाचं लायनर (चाकाभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण) कापून वारा बाहेर काढा. वाट नसेल तर आलेला वारा तिथंच कोंडतो. रेडिएटरच्या पुढ्यात कूलर ठेवला तर त्याची गरम हवा पाण्याला तापवते, हेही ध्यानात ठेवा.

बंपरमागचा लोखंडी बीम कापू नका. धडक तोच झेलतो. टो हुक (गाडी ओढायचा हुक) बाहेर येईल एवढं भोक ठेवा, स्क्रूटिनीत, म्हणजे ट्रॅकवर सोडण्याआधीच्या तपासणीत, बघतात. पुढं जाळी लावा, पण बारीक नको. खानापूरकडची तांबडी माती पावसात तिच्यात लिंपून बसते.

इंजिन जाम झालेल्या गाडीतला जुना कूलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आतल्या घड्यांत अडकलेला धातूचा चुरा धुऊन पूर्ण निघत नाही आणि नव्या बेअरिंगमध्ये जातो.

बसवल्यावर फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडा-थोडा वेळ सेल्फ मारा. मग फ्यूज लावून गाडी चालू करा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गरम होऊ द्या. बंद करून पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक बघा. कूलर आणि पाइपांत गेलेलं ऑइल तिथं कमी दिसेल, तेवढं भरा.