महाराजा सूरजमल समजून घ्यायचे तर भरतपूर-डीग कसं पाहावं

सूरजमल म्हणजे अठराव्या शतकातले राजस्थानातल्या भरतपूरचे जाट राजे, आणि लोहागड हा भरतपूरचा किल्ला. इंटरनेटवर शोधताना ‘लोहागड’पुढे ‘भरतपूर’ जोडाच, नाहीतर लोणावळ्याजवळचा किल्ला समोर येतो. ‘जाट’ इंग्रजीत ‘Jat’ असं लिहून शोधलंत, तर सांगलीकडचं जत संस्थानही हाती लागू शकतं.

दोन दिवस काढा, मुक्काम भरतपूरला. लोहागडावर उंची शोधू नका, हा भुईकोट आहे. पाहायचं ते खंदक आणि मातीचा तट. दगडी तट तोफेने फुटतो, मातीत गोळा रुतून बसतो. म्हणूनच १८०५ मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड लेकचे चारही हल्ले फसले. तेव्हा आत आसऱ्याला होते यशवंतराव होळकर, आणि गादीवर होता सूरजमल यांचा मुलगा रणजितसिंह.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीगच्या रस्त्याला लागा, पण वाटेत कुम्हेर चुकवू नका. १७५४ मध्ये मराठ्यांनी इथे वेढा घातला आणि त्यात मल्हाररावांचा मुलगा, अहिल्याबाईंचे पती खंडेराव तोफगोळ्याने गेले. जवळच गांगरसोलीला त्यांची छत्री, म्हणजे स्मारक, आहे. गाडीवाल्याला आधीच गावाचं नाव सांगून ठेवा. आपण बहुतेक जण सूरजमल यांची गोष्ट १७६० पासून, त्यांनी पानिपताच्या मोहिमेत भाऊसाहेबांची साथ सोडली तिथून सुरू करतो. गफलत होते ती इथेच. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्या किल्ल्याला वेढा घातला, त्यांच्याच छावणीत हा माणूस गेला होता. आणि पानिपतानंतर उपाशी, जखमी मराठ्यांना अन्न, कपडे, औषधपाणी मिळालं तेही त्याच्याच मुलखात. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर याने शेवटचा श्वास डीगलाच घेतला.

डीगला किमान तीन तास ठेवा. गोपाल भवन तलावाच्या बाजूनेही पाहा, पाण्यातून वर आल्यासारखं दिसतं. मग कारंज्यांची टाकी विचारून घ्या. तिच्या भिंतीत ओळीने भोकं आहेत, एकेक भोक ठरावीक कारंज्यांचं. त्यात रंगाची पुरचुंडी खोचली की त्या कारंज्यांतून रंगीत पाणी उडतं. हे उत्सवातच होतं, एरवी कारंजी कोरडी असतात.

शेवटी मथुरेजवळच्या गोवर्धनचं कुसुम सरोवर, इथे सूरजमल यांची छत्री आहे. २५ डिसेंबर १७६३ रोजी दिल्लीजवळ हिंडन नदीकाठी रोहिला सरदार नजीबखानाशी लढताना सूरजमल पडले. त्यांची ही छत्री मुलगा जवाहरसिंहाने उभारली. आत गेल्यावर मान वर करून छताची चित्रं पाहा. पौर्णिमा मात्र टाळा, परिक्रमेच्या गर्दीत गाडी पुढे सरकत नाही.