व्हिज्युअल ओडोमेट्री शिकताना माझे पहिले तीन आठवडे कुठे गेले

एमटेकच्या प्रोजेक्टला मी व्हिज्युअल ओडोमेट्री घेतली, म्हणजे व्हिडिओच्या फ्रेम्सवरून कॅमेरा किती वळला, कुठे सरकला ते काढायचं. मोबाइल हातात धरून पार्किंगला एक चक्कर मारली, व्हिडिओ ओपनसीव्हीत (इमेज प्रोसेसिंगची लायब्ररी) टाकला आणि जिथून निघालो तिथे मार्ग परत येईचना, भलतीकडेच जायचा. तीन आठवडे कोड तपासत बसलो, आणि गडबड होती मोबाइलच्या सेटिंगमध्ये, व्हिडिओ स्टॅबिलायझेशन चालू होतं. ते प्रत्येक फ्रेम कापून-वाकवून हलणं लपवतं, आणि आपल्याला तर तेच हलणं मोजायचंय ना! ऑटोफोकसने फोकल लेंग्थही थोडी बदलते, मग चेसबोर्ड धरून केलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याचे आधी काढून ठेवलेले आकडे, वाया. दोन्ही बंद करा, नाहीतर सरळ किट्टी डेटासेटवर सुरुवात करा, जर्मनीत कार्ल्सरूहला गाडीवर कॅमेरे लावून बनवलाय, 22 सिक्वेन्स आहेत आणि त्यातल्या 11 चा खरा मार्ग दिलेला आहे, त्यामुळे आपलं कुठे चुकतंय ते लगेच दिसतं.

मग स्केल, म्हणजे खरं अंतर किती ते. एका कॅमेऱ्यातून सरकण्याची दिशा मिळते, अंतर नाही, कारण जवळची खेळण्यातली गाडी आणि लांबची खरी गाडी फोटोत सारखीच दिसू शकते. म्हणून ओपनसीव्हीच्या रिकव्हरपोज फंक्शनमधून येणाऱ्या टी ची (सरकण्याचा वेक्टर) लांबी कायम 1 असते, तिला मीटर समजू नका. आणि तिथून येणारे आर (वळणं) आणि टी पहिल्या कॅमेऱ्यातले पॉइंट दुसऱ्यात नेतात, कॅमेऱ्याची जागा हवी तर उलटं करावं लागतं, इथे जवळपास प्रत्येकजण अडकतो.

शूट करताना कोपऱ्यावर थांबून जागच्या जागी वळू नका, चालत चालत वळा. नुसत्या वळण्यातून सरकण्याची दिशा निघतच नाही, जे आकडे येतात तो निव्वळ नॉइज.

रॅन्सॅक, म्हणजे थोडे मॅच (दोन फ्रेम्समधल्या एकाच पॉइंटच्या जोड्या) पुन्हा पुन्हा रँडम उचलून चुकीचे गाळायची पद्धत, मात्र मला कागदावर गणित केल्यावरच कळलं. समजा निम्मे मॅच चुकीचे आहेत आणि एकदा तरी सगळे बरोबर मॅच हाती लागतील याची 99 टक्के खात्री हवीय, तर दर वेळी आठ मॅच उचलणाऱ्या आठ पॉइंटच्या पद्धतीला साधारण 1,177 वेळा प्रयत्न लागतात आणि निस्टरच्या 2004 च्या पाच पॉइंटवाल्याला फक्त 145 च्या आसपास! पाच पॉइंटसाठी एवढा किचकट सॉल्व्हर लोक का वापरतात ते तेव्हा पटलं. हे गणित स्वतः एकदा कराच, आणि त्याआधी एसव्हीडी (मॅट्रिक्सचे भाग पाडायची रीत) नीट शिकून घ्या, एसेन्शियल मॅट्रिक्समधून (या पद्धती मॅचवरून काढतात ते दोन फ्रेम्समधलं नातं) आर आणि टी त्यानेच बाहेर येतात.