ऑफिसमधल्या कॉम्प्युटरांचा पर्यावरणावरचा भार कसा कमी करावा

ई-मेलच्या तळाशी हिरव्या अक्षरांत ‘छापण्यापूर्वी झाडांचा विचार करा’ असं लिहिल्याने काही होत नाही. जुने ई-मेल पुसण्याची मोहीम काढली तर माणसांचे तास जातात आणि वाचलेली वीज नगण्य असते. स्क्रीनसेव्हरने तर उलटंच होतं. जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्राचा कायमचा डाग पडू नये म्हणून तो आला होता, विजेशी त्याचा काही संबंध नव्हता. आज तो पडदा विनाकारण चालू ठेवतो, एवढंच. डार्क मोडने वीज वाचते ती ओलेड पडद्यावर. नेहमीच्या एलसीडी मॉनिटरमागचा दिवा पडदा काळा असो की पांढरा, जवळपास तेवढाच जळतो. तरीही ‘हिरवं ऑफिस’ या विषयावरच्या प्रत्येक यादीत हे चारही सल्ले मानाने बसलेले असतात.

खरा फरक दोन ठिकाणी पडतो: नवं मशीन किती वेळा विकत येतं, आणि असलेलं मशीन रिकाम्या वेळात काय करतं. डेस्कटॉपच्या बाबतीत दुसरा प्रश्न मोठा, लॅपटॉपच्या बाबतीत पहिला. बाकी सगळं त्यानंतर.

1. आधी मोजा

प्लग आणि सॉकेट यांच्या मध्ये बसणारा वॉटमीटर आणा. एक डेस्कटॉप, एक लॅपटॉप आणि एक मॉनिटर निवडा, आणि काम चालू असताना, नुसतं चालू पडलेलं असताना, स्लीपमध्ये आणि बंद असताना किती वॉट लागतात ते लिहून ठेवा. साधारण ऑफिसचा डेस्कटॉप काही न करता चालू असला तरी 30 ते 60 वॉट खातो, स्लीपमध्ये 1 ते 3.

मग गुणाकार करा. आठवड्याचे तास 168. त्यातले 45 तास माणूस खुर्चीत असतो असं धरा. उरलेले 123 तास 40 वॉटचा डेस्कटॉप चालू राहिला, तर वर्षाला साधारण 255 युनिट वाया जातात. तेच तास तो 2 वॉटवर झोपला तर 13 युनिटच्या आत भागतं. अशी 50 मशीन असतील तर फरक वर्षाला 12,000 युनिटांच्या पुढे जातो. वरिष्ठांपुढे पोस्टर नेऊ नका, हा कागद न्या.

2. पडदे

ब्राइटनेस डोळ्यांना पुरेल एवढाच ठेवा, पाच मिनिटांनी पडदा बंद होऊ द्या, स्क्रीनसेव्हर काढून टाका. झालं.

3. मशीन खरोखर झोपवा

सेटिंग करणं सोपं आहे. पंधरा-वीस मिनिटांनी स्लीप, आणि तेही प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन नाही, आयटीकडून एकाच धोरणाने सगळ्या मशीनवर. बहुतेक लेख इथेच संपतात आणि इथेच फसवतात. सेटिंग लावलं म्हणजे मशीन झोपलं असं नाही. मी याच टप्प्यावर सगळ्यात जास्त डोकं फोडलं आहे. सेटिंग लावलेल्या ऑफिसात मध्यरात्री चक्कर मारा. पडदे काळे असतात आणि खाली पंखे घरघरत असतात. काळ्या पडद्यावर विश्वास ठेवू नका.

इथे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, मशीन झोपतच नाही. दोन, मशीन झोपतं पण कोणीतरी त्याला उठवतं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

झोपत नसेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ असा आदेश द्या. ‘पॉवर’ या शब्दाला सी, एफ, जी ही तीन अक्षरं जोडायची, मग जागा, मग तिरकी रेघ. कोणता प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) मशीनला जागं धरून बसला आहे ते समोर येतं. मॅकवर हेच काम ‘पीएमसेट -जी असर्शन्स’ करतं. आदेश दिवसा देऊन उपयोग नाही, कारण दिवसा मशीन जागं असायलाच हवं. माणूस उठून गेल्यावर, सगळं जसं तो सोडून जातो तसंच ठेवून आदेश द्या.

सापडणारे गुन्हेगार बहुधा तेच ते असतात. ऑडिओ ड्रायव्हर, म्हणजे कुठल्यातरी टॅबमध्ये आवाज बंद केलेला व्हिडिओ किंवा अर्धवट सोडलेली मीटिंग. ब्राउझर, म्हणजे न तोडलेला व्हिडिओ कॉल. आणि सगळ्यात चिवट तो ‘एसआरव्हीनेट’. हे नाव दिसलं की समजा, या डेस्कटॉपवरचं एखादं फोल्डर शेअर केलेलं आहे आणि दुसरं कोणीतरी मशीन ते उघडून बसलं आहे. हे दुसरं मशीनही त्यामुळे झोपत नसेल तर आश्चर्य नाही. दोघं एकमेकांना रात्रभर गप्पा मारत जागवणाऱ्या होस्टेलच्या पोरांसारखे. यावर सेटिंगचा उपाय शोधत बसू नका. ते फोल्डर सर्व्हरवर हलवा. डेस्कटॉपवरून फाइली वाटणं बॅकअपच्या दृष्टीनेही वाईटच.

‘/रिक्वेस्ट्सओव्हरराइड’ नावाचा आणखी एक पर्याय आहे. एखाद्या प्रोग्रॅमची जागं राहण्याची विनंती तो दुर्लक्षित करायला लावतो. नेटवर लोक तो सर्रास सुचवतात. मी तो अगदी शेवटी आणि फक्त नाठाळ ऑडिओ ड्रायव्हरसाठी वापरतो. बॅकअपच्या प्रोग्रॅमवर तो लावलात तर बॅकअप मध्येच तुटेल, आणि ते कळेल ज्या दिवशी बॅकअप लागेल त्या दिवशी.

आता दुसरा आजार. मशीन झोपलं आणि उठलं असेल तर ‘पॉवरसीएफजी /लास्टवेक’ शेवटी कोणी उठवलं ते सांगतं. ‘/वेकटायमर्स’ पुढे कोण उठवणार आहे ते सांगतं. टायमर असेल तर पॉवर ऑप्शन्सच्या सविस्तर सेटिंगमध्ये वेक टायमर (मशीनला ठरल्या वेळी उठवणारा गजर) बंद करा, किंवा ‘फक्त महत्त्वाचे’ यावर ठेवा. माउस असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याची ‘मशीन उठवण्याची’ परवानगी काढा. सफाईवाल्यांचा धक्का टेबलाला लागला तरी ऑप्टिकल माउस मशीन उठवू शकतो. कीबोर्डची परवानगी मात्र राहू द्या, नाहीतर सकाळी लोक तुमच्या नावाने बोटं मोडतील.

नेटवर्क कार्ड असेल तर नीट लक्ष द्या, कारण बहुतेक जण इथे चुकीचं बटण दाबतात. कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर तीन चौकटी असतात. दुसरी म्हणजे या कार्डाला मशीन उठवू द्यायचं का. तिसरी म्हणजे फक्त मॅजिक पॅकेट, म्हणजे उठवण्यासाठीच पाठवलेला खास संदेश, आलं तरच उठवायचं का. तिसरी रिकामी असेल तर नेटवर्कवरची साधी कुजबुजही मशीनला उठवू शकते. मग लोक वैतागून दुसरीवरची टिक काढतात आणि रात्री दुरून मशीन उठवण्याची सोयच घालवतात. दुसरी चालू ठेवा आणि तिसरीवर टिक करा.

ही सोय का सांभाळायची? कारण ‘मशीन रात्री चालूच ठेवा, अपडेट टाकायचे असतात’ हे आयटीचं म्हणणं तुम्हाला ऐकावं लागणारच. म्हणणं खोटं नाही, पण अपडेटला तासभर लागतो आणि त्यासाठी रात्र जाळायची गरज नाही. मॅजिक पॅकेट म्हणजे नेटवर्कवर सोडलेला एक छोटा संदेश, ज्यात त्या मशीनच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता 16 वेळा लागोपाठ लिहिलेला असतो. झोपलेलं कार्ड तो पत्ता ओळखतं आणि मशीन उठतं. अपडेट टाका, परत झोपवा. घरून काम करणाऱ्यांनाही ऑफिसचं मशीन असंच उठवता येतं. तीन अटी आहेत: मशीनच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ही सोय चालू हवी, जोडणी वायरची हवी, आणि संदेश सोडणारं एखादं छोटं यंत्र त्याच नेटवर्कमध्ये जागं हवं, कारण असे संदेश सहसा राउटर ओलांडून पलीकडे जात नाहीत. आणि मशीन शट डाउन करण्याऐवजी स्लीपमध्ये ठेवा. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपने (पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून अर्धवट बंद होण्याच्या सोयीने) बंद केलेलं मशीन मॅजिक पॅकेटला दाद देईलच असं नाही.

बऱ्याच नव्या लॅपटॉपांची तऱ्हा निराळी. त्यांच्यात पूर्वीची खोल झोप नसते, ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतो, म्हणजे एक डोळा उघडा ठेवून झोप. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप काढताना गरम लागतो तो याचमुळे. ‘पॉवरसीएफजी /ए’ दिल्यावर तुमच्या मशीनला कोणत्या झोपा येतात ते कळतं. अशा लॅपटॉपवर तास-दोन तासांनी हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद होणं, लावून मोकळे व्हा.

शेवटी पडताळणी. आठवड्याने विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये ‘पॉवर-ट्रबलशूटर’च्या नोंदी बघा. मशीन कधी झोपलं, कधी उठलं, कशामुळे उठलं, सगळं तारीखवार असतं. वॉटमीटरपेक्षाही हा पुरावा पक्का.

एक अडचण मात्र कुठल्याच आदेशाने सुटत नाही. चॅटमधला हिरवा ठिपका पिवळा झाला की साहेब विचारतात, म्हणून लोक माउस आपोआप हलवणारे प्रोग्रॅम टाकतात किंवा तशी उपकरणं लावतात. त्यांच्यावर डाफरून उपयोग नाही. ठिपक्यावरून हजेरी घेणं बंद झालं पाहिजे आणि ते वरून लेखी आलं पाहिजे. त्याआधी स्लीपचं धोरण लावलंत तर हरणार.

4. प्रिंटर आणि सर्व्हर

दोन्ही बाजूंना छपाई हेच मूळ सेटिंग ठेवा, आणि प्रिंटरजवळ जाऊन कार्ड लावल्याशिवाय कागद बाहेर पडू देऊ नका. न उचललेल्या प्रतींचा ढीग आपोआप आटतो. सर्व्हरच्या खोलीत स्वेटर घालावा लागत असेल तर एसीचं तापमान वाढवा: अमेरिकेतल्या ‘ॲश्रे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस 18 ते 27 अंश सेल्सिअसची आहे. कोणीच वापरत नाही असे सर्व्हर शोधून बंद करा. प्रत्येक जुन्या ऑफिसात एखादा असतोच.

5. नवं घेऊ नका

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच मॉडेलनिहाय कार्बनचे अहवाल काढतात. ते उघडून बघा. लॅपटॉपच्या संपूर्ण आयुष्यातल्या उत्सर्जनात निम्म्याहून बराच मोठा वाटा तो तुमच्या हाती येण्याआधीच होऊन गेलेला असतो: खाणीत, चिप आणि पडद्याच्या कारखान्यात. लॅपटॉप मुळात वीज कमी खातो, म्हणून ‘नवं मॉडेल कमी वीज खातं’ हे कारण देऊन चालता लॅपटॉप बदलणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. हिशेबाच्या वहीत तीन वर्षांनी मशीनची किंमत शून्य झाली म्हणून मशीन मेलं असं होत नाही.

मंद झालेल्या मशीनला रॅम वाढवा, फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी लावा. दिवसभर चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपची बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवा. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते आणि बॅटरी कितीतरी जास्त टिकते. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगली मशीनं भंगारात चालली आहेत. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये आहे त्यांच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स किंवा क्रोमओएस फ्लेक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा. असुरक्षित विंडोज तशीच रेटत बसणं हा मात्र पर्याय नाही. आणि नवं घ्यावंच लागलं तर आधी नूतनीकरण केलेलं मिळतं का ते पाहा, आणि बॅटरी स्क्रू काढून बदलता येते का ते विचारा.

6. टाकायची वेळ आली तर

संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद असलेला भाग 22.3 टक्के. उरलेला कुठे जातो याची रीतसर नोंदच नाही. घातक कचरा देशाबाहेर पाठवण्यावर बंधनं घालणाऱ्या बॅझल या आंतरराष्ट्रीय करारातल्या दुरुस्तीनुसार 1 जानेवारी 2025 पासून सगळाच ई-कचरा सीमेपार पाठवण्याआधी तो घेणाऱ्या देशाची संमती लागते, तेव्हा मशीन नेणाऱ्याला ती पुढे कुठे जातात हे बेधडक विचारा.

माहितीच्या भीतीने डिस्कला ड्रिल मारू नका. दुसऱ्याच्या कामी येईल अशी वस्तू मरते. पण एसएसडीवर नुसतं वरून लिहून माहिती पुरती जात नाही, कारण डिस्क स्वतःच काही जागा लपवून ठेवते. डिस्कमधला सिक्युअर इरेज हा आदेश वापरा, किंवा पहिल्या दिवसापासून डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात) ठेवा आणि शेवटी किल्ली नष्ट करा. फुगलेली बॅटरी दिसली तर ती ढिगात टाकू नका, दाबू नका, टोचू नका. वेगळी ठेवा आणि नेणाऱ्याला आधी सांगा. पावती घेताना नुसता ‘संगणक, नग 20’ असा मजकूर चालवून घेऊ नका. प्रत्येक मशीनचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या.