प्राण्यांचं दुखणं ओळखायला शिकताना

दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत गोव्यातल्या आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात मुलं-मुली काम शिकायला येतात. कुणी डिचोलीचं, कुणी फोंड्याचं, कुणी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारं. बहुतेकांना पहिल्याच दिवशी इंजेक्शन द्यायचं असतं, टाके घालताना जवळ उभं राहायचं असतं. मी त्यांना एक स्टूल देते आणि पिंजऱ्यांच्या ओळीसमोर नुसतं बसायला सांगते. कोण कुठल्या कुशीवर झोपतंय, कोण भांड्यापर्यंत जाऊन न खाता परत फिरतंय, कोण कोपऱ्यात तोंड करून बसलंय, एवढंच बघायचं. काहींना हे वेळ घालवणं वाटतं. मला मात्र या पेशाचा निम्मा भाग तोच वाटतो.

प्राणीकल्याणाच्या क्षेत्रात पाय ठेवलात की 'पाच स्वातंत्र्यं' हा शब्द लगेच कानावर येईल. ब्रिटनमध्ये 1965 साली ब्रँबेल समितीने पाळीव जनावरांच्या अवस्थेवर अहवाल दिला. त्यातून पुढे 1979 मध्ये ही पाच स्वातंत्र्यं आकाराला आली आणि आज जगभर तीच पायाभूत मानतात. त्यातलं तिसरं म्हणजे वेदना, इजा आणि रोग यांपासून मुक्ती. ती कशी द्यायची तेही तिथेच सांगितलं आहे: आधी प्रतिबंध, आणि ते जमलं नाही तर लवकर निदान आणि उपचार. यातला 'लवकर' हा शब्द पाळायचा असेल तर दुखणं दिसलं पाहिजे. आणि जनावर ते दाखवत नाही.

गाय, बकरी, ससा ही शिकार होणारी जात. कळपात जो लंगडतो त्याच्यावरच वाघाची नजर जाते, त्यामुळे दुखणं लपवणं त्यांच्या रक्तातच आहे. गाय ओरडत नाही. ती दात खाते, कान मागे पाडते, पाठ कमानीसारखी करते, एका पायावरचा भार सारखा दुसऱ्यावर टाकते. सत्तरी तालुक्यातल्या एका वयस्क शेतकऱ्याने मला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "बाय, काल सांजेसावन रोंथ करूंक ना." ताप नाही, जखम नाही, फक्त रवंथ बंद. तपासलं तर पुढच्या खुराच्या बेचक्यात खोल जखम होती आणि वरून चिखल बसल्यामुळे ती दिसत नव्हती. त्या माणसाने पदवी घेतलेली नव्हती, पण रोज संध्याकाळी तो गोठ्यात बसत होता. नवीन मुलांनी अशा माणसांबरोबर जमेल तितका वेळ काढावा, असं मी मनापासून सांगते.

मांजर त्याहून अवघड. मांजर दुखताना गप्प होतं आणि घरच्यांना वाटतं, हल्ली शांत झालंय. यासाठी एक चांगलं साधन आता हाताशी आहे. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये 'फेलाइन ग्रिमेस स्केल' प्रसिद्ध केलं. मांजराच्या चेहऱ्यावर पाच गोष्टी बघायच्या: कान, डोळे, नाक-तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोकं धरण्याची पद्धत. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. बेरीज दहापैकी चार किंवा जास्त आली तर वेदनाशामक द्यायचा विचार करायचा. हे शिकायला महागडं यंत्र लागत नाही. घरच्या निरोगी मांजराचा चेहरा आठवडाभर नीट बघा, म्हणजे दुखऱ्या मांजराचे अर्धवट मिटलेले डोळे आणि बाजूला पडलेले कान वेगळे कळू लागतील. कुत्र्यांसाठी वेदना मोजायची ग्लासगोची मोजपट्टी आहे. तीत जखमेच्या आजूबाजूला हलकेच दाबून कुत्रा काय करतो तेही बघायचं असतं. मान वळवून बघतो, कण्हतो, की चावायला येतो? चावायला येणाऱ्या कुत्र्याला लोक 'रागीट' म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे येणाऱ्या रागीट कुत्र्यांपैकी कितीतरी फक्त दुखत असलेले असतात. दुखणं थांबलं की तोच कुत्रा हातातून खातो.

आता हाताने करायच्या एका कामाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण गोव्यात आलात तर हे काम पहिल्याच आठवड्यात समोर येणार: जखमेत अळ्या पडणं. पाऊस सुरू झाला की रोज केस येते. कुत्र्यांच्या भांडणात कानामागे लहानसा दात लागतो, माशी त्यावर अंडी घालते, आणि दिवसभरात अळ्या बाहेर पडून जिवंत मांस खात आत जातात. वरून भोक नाण्याएवढं, आत पोकळी मुठीएवढी. प्राणी आणताना लोक बहुतेक वेळा आधीच काहीतरी ओतून आलेले असतात. फिनाईल, पेट्रोल, नाहीतर सरळ चुना. हेतू चांगला असतो, पण त्याने उघडं मांस भाजतं आणि आधीच्या दुखण्यात भर पडते. फिनाईल चाटण्यातून पोटात गेलं तर विषबाधा होते, मांजरात तर फार लवकर. त्यांच्यावर ओरडू नका. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी थांबलेला माणूस आहे तो. त्याला पुढच्या वेळी काय करायचं ते सांगा: जखमेवर स्वच्छ सुती कापड हलकं बांधायचं, कुत्र्याला चाटू द्यायचं नाही, आणि लगेच दवाखाना गाठायचा.

दवाखान्यात पहिलं काम अळ्या काढणं नसतं, वेदनाशामक देणं असतं. जखम मोठी असेल तर भूल देतात. डॉक्टरांनी औषध दिल्यावर ते लागू पडेपर्यंत थांबायचं. ही मिनिटं नवीन मुलांना अवघड जातात, कारण अळ्या वळवळताना दिसत असतात आणि हात शिवशिवतात. मग जखमेभोवतीचे केस काढायचे, कारण बाजूला दुसरं भोक असू शकतं. सलाईनने धुवायचं, चिमट्याने एकेक अळी ओढायची. अळी मागच्या टोकाने श्वास घेते, म्हणून तेवढंच टोक वर दिसतं. ते धरून सावकाश ओढायचं, तुटली तर तुकडा आत कुजतो. सगळ्या निघाल्या असं वाटलं की थोडा वेळ जखम नुसती बघत राहायचं. खोल गेलेल्या अळ्या हवेसाठी पुन्हा वर येतात. दुसऱ्या दिवशी परत तेच. या कामात घाई करणारा माणूस मला नको असतो, तो कितीही हुशार असला तरी.

औषधांबद्दल एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा: माणसाचं वेदनाशामक जनावराला द्यायचं नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. आणि गुरांना दिलेल्या औषधाचा परिणाम त्या गुरापुरता राहत नाही. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेलं मेलेलं जनावर खाऊन देशातली गिधाडं जवळजवळ संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, 2023 मध्ये कीटोप्रोफेन आणि एसीक्लोफिनॅकवरही. त्यांच्याऐवजी गुरांना मेलॉक्सिकॅम दिलं तर ते गिधाडांना बाधत नाही. गाईचं दुखणं थांबवताना आभाळातल्या पक्ष्याचाही विचार करावा लागतो.

प्रतिबंधाकडे येते. गोव्याने या बाबतीत जे करून दाखवलं त्याचा मला खरोखर अभिमान आहे. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी 2014 पासून गावोगाव कुत्र्यांना लस टोचायला सुरुवात केली. हातात जाळं घेतलेली टोळी वाड्यावाड्यातून फिरते, कुत्रा पकडते, लस देते, अंगावर रंगाची खूण करते, मोबाइल अॅपवर नोंद करते आणि तिथेच सोडते. एखाद्या भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. त्यासाठी सगळे कुत्रे पकडावे लागत नाहीत, पण दरवर्षी पुन्हा फिरावं लागतं. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या केसेस 92 टक्क्यांनी घटल्याचं पुढे शोधनिबंधात प्रसिद्ध झालं, आणि 2021 साली गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. जाळ्याची टोळी हे या क्षेत्रात शिरण्याचं फार चांगलं दार आहे. तिथे प्राण्याला न दुखवता पकडायला शिकता. पकडताना मानेला झालेली इजा ही आपण केलेली इजा असते, हे तिथे रोज कळतं.

तुमची स्वतःची लस त्याआधी. रेबीजचे आगाऊ डोस घेतल्याशिवाय आम्ही कुणालाही पिंजऱ्याला हात लावू देत नाही. चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, मग आरोग्य केंद्र गाठायचं, आगाऊ डोस झाले असले तरीही. पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे जनावरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात पसरणाऱ्या तापाची, भीती असते, म्हणून गमबूट आणि हातमोजे. सत्तरीत काम करणार असाल तर माकडतापाबद्दल वाचून ठेवा. 2015 साली पाली भागात काजूच्या हंगामात तो पसरला होता. तो गोचिडीतून येतो. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, वनखात्याला आणि आरोग्य खात्याला कळवायचं.

गोव्याचं वर्ष प्राण्यांसाठी माणसांच्या वर्षापेक्षा वेगळं चालतं. मेअखेर किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामी खानावळी, उतरतात आणि त्यांच्या उष्ट्यावर जगणारे कुत्रे एका आठवड्यात उपाशी पडतात. पाऊस लागला की रस्त्याचं डांबर तेवढं कोरडं राहतं, म्हणून गुरं रात्री हमरस्त्यावर बसतात आणि गाड्यांखाली येतात. गळ्यात चमकणारा पट्टा बांधणं हा साधा उपाय आहे, त्याने जीव वाचतात. दिवाळीच्या तोंडावर नरकासुराच्या रात्री ढोल आणि फटाक्यांना घाबरून पळालेले कुत्रे दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येतात. शिकायला यायचं असेल तर जून-जुलैत या. काम जास्त असतं आणि मदतीला माणसं कमी.

शिक्षणाचं सांगते. गोव्यात पशुवैद्यकीय महाविद्यालय नाही, त्यामुळे डॉक्टर व्हायचं तर बाहेर जावंच लागतं. आपल्या मुलांना सोयीचं म्हणजे मुंबईचं परळ, 1886 पासूनचं, किंवा साताऱ्याकडचं शिरवळ. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला जीवशास्त्र हवं आणि 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. देशभरातल्या 15 टक्के जागा त्या गुणांवर भारतीय पशुवैद्यक परिषद भरते. परत येऊन सरकारी पशुवैद्यकीय अधिकारी व्हायचं तर गोवा लोकसेवा आयोगाची परीक्षा आहे. तिथे कोकणी येणं आवश्यक असतं, मराठी येत असेल तर चांगलंच. ज्यांना साडेपाच वर्षं शक्य नाहीत त्यांनी निराश होऊ नये. पदविका घेऊन पशुधन सहायक होता येतं, आणि आसगाव, शिवोलीकडच्या संस्थांत किंवा मयेच्या सिकेरीतल्या गोशाळेत मदतनीस म्हणून सुरुवात करता येते. मात्र मर्यादा ओळखा. नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज इतरांनी उपचार करणं 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात बसत नाही. प्रथमोपचार, ड्रेसिंग, निरीक्षण, नोंदी हे तुमचं. निदान आणि औषध डॉक्टरांचं.

कायदाही थोडा वाचा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं अकरावं कलम वाचलंत की बैलाला मारहाण करण्यापासून जनावर कोंबून नेण्यापर्यंत काय काय गुन्हा आहे ते कळेल. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये एवढाच आहे, हे वाचून मला आजही संताप येतो. धिरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवर, उच्च न्यायालयाने 1996 मध्ये बंदी घातली, तरी चोरून झुंजी होतात. त्या बैलांच्या मालकांना बैल मुलासारखा असतो हे मी पाहिलंय, खोटं म्हणणार नाही. पण शिंगाची जखम बाहेरून बोटभर दिसते आणि आत आतडं फाटलेलं असतं. बैल दोन दिवस उभा राहतो, चारा हुंगतो, आणि मालकाला वाटतं, बचावला. असा बैल दिसला तर भांडत बसू नका, आधी डॉक्टर आणा. उशीर झाला तर उपाय उरत नाही.

शेवटी एक विषय, जो मुलं विचारायला बिचकतात. ज्याचं दुखणं थांबवता येत नाही अशा प्राण्याला शांत मरण द्यावं लागतं. निर्णय डॉक्टरांचा असतो, आणि आधी भूल पूर्ण चढल्याची खात्री करतात. पहिल्या महिन्यात आम्ही कुणाला त्या टेबलापाशी उभं करत नाही. नंतर ज्याला यायचं त्याने यावं. त्याचं काम एकच असतं, डोकं हातात धरून हळू बोलत राहणं. त्यानंतर जेवण जात नसेल तर तसं सांगा, त्या दिवशी तुम्हाला नोंदवहीचं काम देऊ. येताना जुने कपडे, बंद बूट, लसीचा कागद आणि एक छोटी वही आणा. वहीत रोज एका प्राण्याचं लिहा: सकाळी कसा उभा होता, संध्याकाळी कसा. डॉक्टर फेरीला आले की ते वाचून दाखवा.