कोल्हापुरातून लोकप्रसारणाच्या नेतृत्वाकडे

लोकप्रसारण संस्था, म्हणजे नफ्यासाठी नव्हे तर लोकांसाठी चालणारे रेडिओसारखे माध्यम, चालवण्याची इच्छा असेल, तर शिवाजी विद्यापीठातून पत्रकारितेचे शिक्षण घेत असतानाच आकाशवाणीच्या कोल्हापूर केंद्रावर नैमित्तिक उद्घोषकाच्या (गरजेनुसार बोलावल्या जाणाऱ्या निवेदकाच्या) स्वरचाचणीची चौकशी करून ठेवावी. पदवी महत्त्वाची आहेच. पण कान तयार होतो तो शेतात आणि गुऱ्हाळावर. काहिलीतला रस आटत आला की गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारा कारागीर, बोलणे थांबवून पाकाकडे पाहत राहतो; त्या वेळी माइक बंद करू नये, कारण ती शांतता आणि मागचा रटरट आवाज मुलाखतीइतकेच बोलतात.

यानंतर एखाद्या सेवाभावी संस्थेत काही वर्षे हिशेबाचे काम करावे, हा माझा आग्रह आहे. सरकारी धोरणानुसार सामुदायिक रेडिओसाठी, म्हणजे एखाद्या परिसरातील लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या केंद्रासाठी, अर्ज करणारी स्वयंसेवी संस्था नोंदणीकृत असावी लागते, तिचे स्थानिक काम किमान 3 वर्षांचे असावे लागते आणि निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार करावे लागतात. विश्वस्त संस्थेचे लेखापरीक्षण 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून अशा संस्थेच्या प्रमुखपदासाठी अर्ज करताना आपण केलेल्या कार्यक्रमांच्या यादीसोबत स्वतः सांभाळलेल्या एका प्रकल्पाचा जमाखर्चही जोडावा.