रंग मारण्याआधी हवेतलं पाणी काढा

जुन्या स्कूटरला घरच्या शेडमध्ये स्प्रेने रंग मारायचा, तर मुंबईत खरा त्रास दमट हवेचा. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती पुढे थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. तेच स्प्रे गनमधून उडालं की रंगावर बारीक फोड येतात. जुलैत भांडुपला माझं अख्खं मडगार्ड असंच पुन्हा घासावं लागलं. म्हणून रोज आधी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडा. वॉटर सेपरेटर, म्हणजे हवेतलं पाणी वेगळं करणारा फिल्टर, कॉम्प्रेसरला चिकटवून लावू नका, लांब पाइपनंतर गनच्या बाजूला लावा. हवा गार झाल्यावरच सेपरेटरमध्ये पाणी अडकतं. आणि हार्डनर मिसळून मारायच्या टू-के (दोन भागांच्या) रंगात आयसोसायनेट हे फुफ्फुसाला घातक रसायन असतं, तिथे कापडी मास्क अजिबात चालत नाही.